वाचायला शिकलेल्या गुलामाचा आवाज

"अजून गावठी. अगं, तू मुद्दाम शुद्ध बोलतेयस."

काचेपलीकडून सरांचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. नगरजवळच्या केडगावातला स्टुडिओ. आतली खोली कपाटाएवढी. भिंतींना स्पंज ठोकलेला. पंखा नाही, कारण पंख्याची घरघर रेकॉर्ड होते. दार नीट बसत नाही म्हणून कडी बाहेरून लावायची. मी आत, घामानं निथळत. समोर कागद. कागदावर एक गुलाम बाई मालकापुढं हात जोडून उभी. तिचं पोर दुसऱ्या मळ्यावर विकलंय.

मी पुन्हा वाचलं. "मालक, माझं लेकरू नगा नेऊ."

"छान. आता जरा हेल काढ. तुमच्याकडच्या बायका रडतात ना, तसं."

सरांशेजारी मॅडम बसलेल्या. पुस्तकाचं निवेदन त्यांचं, मालकिणीचं कामही त्यांचंच. त्या म्हणाल्या, "हिला वेगळं रडायला कशाला सांगताय? हिचं साधं बोलणंही तसंच येतं."

दोघं हसले. मीही हसले. काय करणार? कडी बाहेरून.

आणि पुस्तक कुठलं? गुलामगिरीच्या विरोधातलं! एकोणिसाव्या शतकात परदेशातल्या एका बाईनं गुलामांवर कादंबऱ्या लिहिल्या. त्या मराठीत आणून सर त्यांची ऑडिओबुकं करत होते. बाई कधीच मेली. तिनं ज्यांच्यासाठी लिहिलं तेही मेले. पण मालक मेलेले नाहीत, हे मला त्या कपाटात कळलं.

मी पाथर्डी तालुक्यातली. दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीला. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, किती कोयते येणार? माणसं किती, असं विचारत नाही. बाई एकटी असली तर ती अर्धा कोयता. पुरुष एकटा, तोही अर्धाच. माझे आई-आण्णा मिळून एक कोयता आहेत. मी त्या कोयत्याची मुलगी. मामाकडं राहून शिकले, बी.ए. झाले, आणि तोडीच्या बायकांसाठी पत्रकं लिहायला लागले. उसाच्या फडात संडास नाही, पाळी आली तरी सुट्टी नाही, बाळंतीण चौथ्या दिवशी मोळी उचलते, हे लिहायचं, छापायचं, स्टँडवर वाटायचं.

शेवगावला बाजाराच्या दिवशी मी बोलत होते. सर तिथं ऐकत उभे होते. नंतर जवळ आले. "काय आवाज आहे तुझा, बेटा! हा आवाज वाया जाता कामा नये."

मला वाटलं, मी काय बोलले ते त्यांना आवडलं. त्यांना फक्त कसं बोलले ते हवं होतं.

स्टुडिओत गेल्यावर वाटणी कळली. मालक, मालकीण, पाद्री, वकील, डॉक्टर शुद्ध बोलणार. निवेदन शुद्ध. गुलाम तेवढे आमच्यासारखे. म्हणजे माझ्या आईसारखे. 'हाय', 'न्हाई', 'लई'. हजारो मैलांवरचे ते लोक, पण मराठीत आले की त्यांनी थेट पाथर्डीच्या स्टँडवरच उतरायचं. का? मी विचारलं. सर म्हणाले, "ऐकणाऱ्याला पटकन कळायला पाहिजे ना, गुलाम कोण ते."

हे वाक्य त्यांनी चहा ढवळत म्हटलं. त्यांना त्यात काहीच वाटलं नाही.

अजून पुढचं ऐका. त्या कादंबरीत एक तरुण गुलाम आहे. चोरून वाचायला शिकतो. पहिल्या भागांत त्याचा आवाज मीच काढला. बारीक पोरगा होता तो तेव्हा. मग तो अक्षरं वाचायला लागतो ते प्रकरण आलं, आणि सरांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले. तिथून पुढं एक पुण्याहून बोलावलेला नट. तिथून पुढं तो गुलाम शुद्ध बोलायला लागला. एका पानावर 'मला म्हाईत न्हाई', पुढच्या पानावर 'मला ठाऊक नाही'.

मी बी.ए. आहे. मलाही वाचता येतं. पण वाचणाऱ्याचा आवाज माझा नको होता.

मग सोडून का नाही गेले? सोडून जायचं कुठं? आईची पाठ गेलीय. मुकादमाचा भाचा लग्नाचा आहे, त्याला जोडी पाहिजे. जोडी झाली की कोयता पुरा. आण्णांनी सांगितलं होतं, "नगरात काम हाय तवर ऱ्हा. काम सुटलं की लग्नाचं माझ्यापुढं काय बोलू नको." म्हणजे एकीकडं हे कपाट, दुसरीकडं तो फड. मधे उभं राहायला जागा नव्हती. रोज सकाळी मी स्वतःच्या पायांनी जाऊन त्या कपाटात बसत होते.

आईला ऐकायचं होतं मी काय करते ते. मी झालेले भाग तिच्या मोबाईलवर पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, भाकरीच्या सुट्टीत, तिचा फोन आला. मागं बायांचा गलका.

"बाई, समद्यांनी ऐकलं बग. कोनच्या कारखान्याची टोळी हाय ती?"

"कुठली टोळी, आई?"

"अगं तीच, मोबाईलमधली. मुकादम लई वंगाळ हाय की त्यांचा. पळून गेल्यांच्या मागं कुत्री सोडतोय! आपल्याकडं गाडी घेऊन येत्यात, पर कुत्री न्हाई सोडीत कुनी."

अनुवादात मळ्यावर देखरेख करणाऱ्या माणसाला मुकादमच म्हटलं होतं. बोलणारे आमच्यासारखे बोलत होते. तिनं दुसरं समजावं तरी काय?

मागून कुणीतरी ओरडलं, "तिला म्हनावं, त्यांस्नी आमच्या टोळीत धाड! आमचा मुकादम निस्त्या शिव्या देतोय!" सगळ्या हसल्या.

मी विचारलं, "आई, ऐकताना हसू आलं का तुम्हाला?"

"आत्ता ह्या रांडा हसत्यात तेवढंच. ऐकताना कशाचं हसू? त्या बाईचं पोरगं नेलं तवा तुझी मावशी उठून गेली, जेवली न्हाई." मग म्हणाली, "एक इचारू? त्यो पोरगा हुता ना, वाचाय शिकलेला. त्यो फितूर झाला का?"

"फितूर?"

"आपल्यात बोलतच न्हाई की त्यो मागून. साहेबावानी बोलाय लागला. मुकादमानं फोडला आसंल त्याला. ह्या समद्या म्हनत्यात, आता त्यो पळून जानाऱ्यांची नावं सांगनार."

मी फोन ठेवला. आई चुकली होती. पुस्तकात तो फितूर होत नाही, उलट दुसऱ्यांना सोडवतो. पण आईच्या कानात सरांनी त्याला फितूर करून टाकला. वाचायला शिकला की माणूस आपल्यातून जातो, हे ते पुस्तक फडातल्या बायकांना सांगत होतं. माझ्याच आवाजाशेजारी बसून.

दुसऱ्या दिवशी कपाटात गेले. हेडफोन लावले. म्हटलं, "सर, वाचायला शिकतो ते प्रकरण मी वाचणार."

"ते झालंय रेकॉर्ड."

मी ऐकलं नाही. वाचायला लागले. तो अंधारात बसून पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचतो, ती जागा. आमच्या बोलीत. जशी माझ्या आईनं वाचली असती.

"थांब, थांब," सर म्हणाले. "विनोदी वाटतंय ते. ही गंभीर पानं आहेत, बेटा."

"आमचं रडणं चालतं, सर. आमचं वाचणं विनोदी?"

"हे बघ, आपण गुलामगिरीच्या विरोधात काम करतोय. तू उगाच त्यात तुझं गाव आणू नकोस."

"गाव तुम्ही आणलंत. माझा आवाज काढून टाका मग. सगळ्या पुस्तकातून."

"तो आता आमचा आहे." शांतपणे म्हणाले. "एकदा दिला की दिला. तू जरा आत बस. शांत हो, मग उघडतो."

आणि त्यांनी हेडफोनचा आवाज बंद केला.

काचेपलीकडं ते बोलत होते. तोंडं हलताना दिसत होती. मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. मी दारावर हात आपटले. स्पंजच्या खोलीत स्वतःचे हातसुद्धा धड ऐकू येत नाहीत. किती वेळ गेला माहीत नाही. मला वाटलं, हीच ती जागा, जिथं आमच्या बायका पिढ्यानपिढ्या ओरडत आल्या आणि बाहेर फक्त तोंडं हलताना दिसली.

शेवटी मॅडमनी दार उघडलं. "सॉरी म्हण आणि विषय संपव. चांगली संधी आहे तुला."

मी कागद त्यांच्या हातात ठेवले. "मालकिणीचं काम तुम्हाला चांगलं जमतं, मॅडम," म्हटलं आणि निघाले.

आता टोळी परत आलीय. पुस्तक मोबाईलवर विकायला आहे. माझा आवाज त्यात अजून रडतोय, आणि मला तो बाहेर काढता येत नाही. नगरात एका कार्यक्रमात ते भाग वाजवले म्हणे. लोक म्हणाले, गावाकडची बोली काय हुबेहूब काढलीय! हे ऐकून मला बरं वाटावं असं सांगणाऱ्याला वाटत होतं.

आण्णांनी शब्द पाळला. रविवारी मुकादमाचे लोक मला बघायला येणार आहेत. मी आण्णांना सांगितलं, "येऊ द्या. मी पदर घेऊन खाली बघत बसणार नाही. मी अर्धी नाही आणि मला पुरं करायला कुणी नको, हे त्यांच्या तोंडावर सांगणार." आण्णा उठून बाहेर गेले. आई पाठ धरून भाकऱ्या थापत राहिली. घरात तेव्हापासून माझ्याशी कुणी धड बोलत नाही. चालेल.

दिवाळीनंतर टोळ्यांच्या गाड्या भरतील तेव्हा मी स्टँडवर असेन. हातात तीच कादंबरी, मोबाईलवर ऐकून वहीत उतरवलेली. पहिल्या पानापासून वाचणार, मोठ्यानं, आमच्या बोलीत. गुलाम, मालक, मालकीण, वकील, निवेदन, सगळं. सरांना अडवायचं असेल तर त्यांनी पाथर्डीला यावं. तो पोरगा वाचायला शिकेल आणि आमच्यातच राहील. आधी बोलत होता तसाच बोलेल. ज्याला ते विनोदी वाटेल, त्यानं त्या गर्दीत उभं राहून हसून दाखवावं.