सातवी माझी

आमच्या नवागामचे नगरसेवक आधी मराठी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणतात. कोणीही तक्रार घेऊन गेलं की ते म्हणतात, "अर्ज स्वतःच्या हातानं लिहा." मला त्याचा राग यायचा. दिवसभर कापडाच्या लूमवर उभं राहून आलेल्या बाईनं अर्ज कधी लिहायचा?

दिवाळीनंतर सातवीचे गुरुजी निवृत्त झाले. मुलं गळू लागली आणि वर्ग बंद करायला पालिकेच्या शिक्षण खात्याचे साहेब आले. माझी मुलगी त्याच वर्गात होती. आम्ही बाया शाळेच्या दारात जमलो, सरांनाही बोलावून घेतलं.

"शिकवायला कोणी नाही, वर्ग कसा चालणार?" साहेब म्हणाले.

मला वाटलं, आता सर भाषण करणार. ते एवढंच म्हणाले, "नवा शिक्षक येईपर्यंत सातवी माझी." मग माझ्याकडे वळले. "बेन, तसा अर्ज लिहा."

मी तिथंच स्वतःच्या हातानं लिहिला. साहेबांनी तो घेतला आणि वर्ग चालू राहिला.

तेव्हापासून सर सकाळी शाळेत आणि दुपारी पालिकेत. एकदा मंत्री आले, तरी त्यांनी तास सोडला नाही.

परवा नव्या बाई रुजू झाल्या. मुलगी सांगत होती, "आई, बाई सरांपेक्षा कमी रागावतात." मी भिंतीला पाठ टेकली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.