मी सुचवलेलं नाव

आमच्या मलकापूरच्या कबड्डी संघाची पकड कधीच ढिली नव्हती. मार खाल्ला तो चढाईत. गेल्या मोसमात घरच्या मैदानावर हरलो आणि चढाई शिकवणारा कोच बॅग उचलून आपल्या गावी गेला. तेव्हापासून दिवसभर मोबाइलच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर एकच विषय: नवा कोच कोण?

मला तो व्हायचं होतं. सरळ सांगतो, जीव तुटत होता माझा त्यासाठी. बारा वर्षं याच संघासाठी चढाया केल्या, गुडघा गेला तेव्हाच थांबलो. पण आपल्या तोंडाने मागायचं कसं? दुसऱ्याने नाव घ्यावं, आपण नको नको म्हणावं, मग लोकांनी गळ घालावी, अशी आमच्याकडची रीत.

त्या संध्याकाळी संघाचे अध्यक्ष, आमचे निवृत्त हेडमास्तर, स्वतः पायऱ्यांवर येऊन बसले. नाव आजच ठरवतो म्हणाले.

"अकोल्याचा आणा सर," शेजारी बसलेला गॅरेजवाला म्हणाला. "पोट्ट्यायले लय पळवते तो."

"त्याले बोनसच्या गुणाशिवाय काही येते काय बे?" मागून कोणीतरी ओरडलं. "पिंपळगाव राजा गावचा तो पाहा. डोकं थंड हाय त्याचं."

नावावर नाव पडत होतं, माझं सोडून. अरे, मी काय मेलो होतो का? हातभर अंतरावर बसलो होतो! गॅरेजवाल्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतो. त्याने तंबाखू मागितली.

तेवढ्यात अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही काऊन गप बसले? चढाईतलं तुमच्याइतकं कोनाले समजते? सांगा, कोन पाह्यजे?"

माझं नाव अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी शहाणा म्हणालो, "पिंपळगाव राजाचाच बरा राहील, सर."

आता कोणीतरी म्हणेल, छे, तुम्ही असताना तो कशाला? मी मान हलवायची तयारीसुद्धा करून ठेवली होती.

"झालं मंग," अध्यक्ष म्हणाले. "भाऊच म्हणून राह्यले तं विषय संपला."

गॅरेजवाल्याने पाठीत थाप मारली. "मन मोठं हाय भाऊचं!"

खड्ड्यात गेलं ते मन.

वर पिंपळगावच्या त्या कोचला कळवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, का तर आमचं दोघांचं जमतं. सगळ्यांसमोर फोन लावला आणि होईल तितक्या खुशीत निरोप दिला.

तो पलीकडून म्हणाला, "कमाल हाय! काल सरांनी मले इचारलं, तं मी तुमचंच नाव सांगतलं होतं."

अध्यक्ष माझ्याकडेच पाहत होते.

"मले कुठी येळ हाय," मी म्हणालो.

"हाव का? मंग ठीक हाय," तो म्हणाला. "उद्यापासून येतो."