चाक खालीं

आमच्या मद्रासच्या घरमालकांइतका जपून जमिनीवर वावरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांचा धंदा होता विमान उडवायला शिकवण्याचा. हवेत ते कसे असत ते मला ठाऊक नाही, कारण त्यांच्या विमानात बसायचं धाडस मी कधीच केलं नाही. पण जमिनीवर ते चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकत, नळ बंद केला की त्याला हात लावून "बंद" असं मोठ्यांदा म्हणत, आणि सायकलवरून येताना फाटकाच्या दहा हात अलीकडे "पाय खालीं" अशी स्वतःलाच सूचना देऊन मग पाय टेकत. माझी पुण्याहून जॉर्ज टाउनमधल्या एका विमा कचेरीत नुकतीच बदली झाली होती आणि नुंगंबाक्कममध्ये त्यांच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड मांडलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना असं स्वतःशी बोलत उतरताना पाहून मी बायकोला म्हणालो, "आपण दुसरी जागा बघू." ती म्हणाली, "मराठी बोलतायत ना? मग राहू दे. निदान भांडता तरी येईल."

मराठी ते बोलत, पण कधी काळी तंजावरला जाऊन तिथलंच होऊन गेलेल्या घराण्याचं. त्यात 'झालं' ऐवजी 'होलें' असे आणि प्रत्येक वाक्य तमिळ चालीवर हेलकावे घेत असे. शेजारपाजारच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणायला लागलो. मामा मला 'पुणेंवाले' म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला अजूनही शंका आहे.

मामा मीनंबाक्कमच्या एका फ्लाइंग क्लबात मास्तर होते. लांबच्या प्रवासाच्या विमानांची चाकं उडाल्यावर पोटात घेतात आणि उतरण्याआधी आठवणीनं बाहेर काढावी लागतात, हे ज्ञान मला त्यांच्याकडूनच मिळालं. आठवण राहिली नाही तर विमान पोटावर उतरतं, आणि त्याचा आवाज ज्यानं ऐकला तो जन्मभर विसरत नाही, असंही ते सांगत. गंमत अशी, की त्यांच्या क्लबातल्या दोन सीटांच्या, कापडी पंखांच्या विमानांची चाकं कायमची खालीच असत. ती वर घ्यायची सोयच नव्हती. तरीही मामांचा प्रत्येक शिष्य उतरण्याआधी डावा हात पुढे करून तिथे नसलेला दांडा खाली ओढत असे आणि "चाक खालीं!" असं मराठीत ओरडत असे. इंग्रजी का नको? तर मामांच्या मते इंग्रजी शब्द माणूस विचार न करता बोलून जातो. परका शब्द उच्चारताना जीभ अडखळते, आणि जीभ अडखळली की डोकं जागं होतं. त्यामुळे तमिळ, तेलुगू, मलयाळी असे सगळे तरुण वैमानिक आकाशातून मराठीत ओरडत उतरत. मद्रासेत परवाना मिळवायचा तर मराठीची परीक्षा द्यावी लागते, अशी क्लबात थट्टा चाले. एकदा एका धीट शिष्यानं विचारलं, "सर, यांची चाकं वर जातच नाहीत, मग खाली कशाला?" मामा म्हणाले, "आज जात नाहींत. उद्यां जाणारं विमान येतें, तेव्हां तुझा हात कुठें जातो, सांग बघूं? हाताला अक्कल नाहीं रे, सवय आहे."

मामांचा दुसरा नियम याहून कडक होता. विमान उतरवण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी ठरलेली असते, पेट्रोलपासून पट्ट्यापर्यंत. ती म्हणताना मध्येच कोणी बोललं, तर जिथे थांबलो तिथून पुढे जायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. हा नियम आकाशात शहाणपणाचा असेलही. मामांनी तो घरात आणला होता. सकाळी सहाला ते स्वतः कॉफीचं डिकॉक्शन पाडत. फिल्टर, पूड, उकळतं पाणी, सगळं यादीनं. आमच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी जिन्यावरून मोठ्या अगत्यानं "काय मामा, झाली का कॉफी?" असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं, फिल्टरमधली पूड तुळशीत ओतली आणि नवी पूड मोजायला घेतली. मी वरमून "माफ करा हं" म्हणालो, तेव्हा तीही पूड तुळशीत गेली. थोड्या वेळानं मामी वर आल्या आणि माझ्या बायकोला हात जोडून म्हणाल्या, "सहा ते सव्वासहा त्यांशीं कोणी बोलूं नका, अम्मा. आमची तुळस कॉफीवर वाढते आहे."

गावाला निघताना तर हा सोहळाच असे. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पुढच्या दाराच्या कुलपापर्यंत हात लावत, मोठ्यानं म्हणत यायचं. एकदा सगळं आटोपून किल्ली फिरवणार, इतक्यात शेजारच्या वकिलांनी कुंपणावरून "ऊरुक्का?" म्हणजे "गावाकडे का?" असं विचारलं. मामांनी कुलूप उघडलं आणि स्वयंपाकघरात परत गेले. मला वाटलं, यांची गाडी चुकली. पण मामा गाडीच्या वेळेत तीन व्यत्ययांची तरतूद करूनच निघत. व्यत्यय आला नाही, तर सगळं कुटुंब एग्मोर स्टेशनावर दोन तास आधी जाऊन बसे आणि मामी तिथेच दहीभाताचा डबा उघडत. एका नातेवाइकाच्या लग्नात भटजी मंत्र म्हणत असताना कोणीतरी "नारळ कुठे ठेवलाय?" असं विचारलं आणि भटजींनी म्हणता म्हणता बोटानं नारळ दाखवला. मामा ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "पहिल्यापासून!" मुहूर्त टळेल म्हणून मुलीचा बाप रडकुंडीला आला. पण भटजीही तंजावरचेच, त्यांना ते पटलं. त्या जोडप्याचं पुढे कधी भांडण झालं नाही, असं मामा छातीठोकपणे सांगत. मामी म्हणत, "भांडतात हो. पण मध्येंच कोणी बोललें तर पहिल्यापासून भांडतात."

हे सगळं मला इतकं मजेशीर वाटे, की पुण्याला पाठवायच्या पत्रांत मामांशिवाय दुसरा मजकूर नसे. यामागे काही असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. तरुण वयात आपण शेजाऱ्यांकडे फुकटची करमणूक म्हणून पाहतो. मलाही ती खोड होती.

मामांना एकुलती एक मुलगी होती, तुळजा. अठरा वर्षांची, सडपातळ, लांब वेणीची, आणि जिना एका वेळी दोन पायऱ्या चढणारी. बापाकडेच शिकून तिनं साध्या विमानाचा परवाना मिळवला होता. आता तिला धंद्याचा, मोठा परवाना हवा होता, आणि तो हवा तर चाकं मिटणाऱ्या विमानावर हात बसवणं भाग होतं. नेमकं त्याच वर्षी क्लबानं तसं एक जुनं विमान विकत घेतलं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, दांडा ओढला की चाकं बाहेर, आणि समोर तीन हिरवे दिवे. तसलं विमान पूर्वी चालवलेले क्लबात एकटे मामाच. आम्हांला वाटलं, मामांना आता आभाळ ठेंगणं होईल. पण मामांनी त्या विमानाला हात लावला नाही. आज वारा आहे, उद्या डोळ्यांत कचरा गेलाय, परवा एकादशी. परीक्षेला अर्ज करायची मुदत पंधरा दिवसांवर आली आणि तुळजा बापाशी बोलेनाशी झाली. सकाळी सहा ते सव्वासहाच्या दरम्यान नव्हे, दिवसभर. मामी रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. "तुम्ही विचारा हो. पुणेंवाल्यांचें ऐकतील." माझं कोणी ऐकल्याचा इतिहास नव्हता, तरी मी गेलो.

मामा गच्चीवर सुकत घातलेल्या वड्या राखत बसले होते. ऊन कलायला लागलं होतं. मी आडवळणानं सुरुवात केली, तर त्यांनीच सरळ सांगून टाकलं. "मी एक डाव पोटावर उतरलों आहें, पुणेंवाले."

मामा तेव्हा एका विमान कंपनीत नोकरीला होते. मामी तंजावरला बाळंतपणाला गेलेल्या. मद्रासला उतरण्याआधी मामा यादी म्हणत होते. पेट्रोल झालं, आता पाळी चाकांची. तेवढ्यात खालच्या टॉवरमधल्या त्यांच्या मित्रानं रेडिओवर सांगितलं, "तंजावरहून तार आली. मुलगी झाली!" मामा हसले, त्याचे आभार मानले, मुलीचं नाव काय ठेवायचं याचा विचार करत चाकांऐवजी थेट त्यापुढचा पट्टा तपासला आणि उतरले. माणूस कोणी दुखावला नाही. पण दोन्ही पंख्यांची पाती केळीच्या पानासारखी मुडपली आणि मामांची नोकरी गेली. "चौकशींत मी इतकेंच सांगिटलों, कीं मी विसरलों. कां विसरलों तें सांगिटलों नाहीं. मित्राकडून शपथ घेतलों."

"पण का? कारण ऐकून कोणालाही दया आली असती."

मामांनी एक वडी उलटी केली, पलीकडची उलटी केली. "पोर दोन तासांची. तिच्या जन्माची बातमी आली आणि बापाची नोकरी गेली, असें आमच्या घरांत कळलें असतें, तर तिचा पायगुण काय ठरला असता? माझी आई होती, चुलत्या होत्या. जन्मभर बोलले असते. त्यापेक्षां मी वेंधळा बरा." मग म्हणाले, "आतां तीच शेजारीं बसणार. तिच्याकडे बघून माझें चित्त परत गेलें, तर?"

इतके दिवस ज्या वेंधळेपणाच्या भीतीला मी हसत होतो, तो वेंधळेपणा त्यांनी पोरीसाठी पांघरून घेतला होता. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "मामा, विमान तिला चालवायचंय, तुम्हांला नाही. आणि हे तिला सांगून टाका." ते म्हणाले, "सांगायला धीर होत नाहीं हो, जमिनीवर."

दोन दिवसांनी मामा तुळजाला घेऊन त्या विमानात बसले. त्या आठवड्यात रोज बसले. आठव्या दिवशी मामांनी तिच्या अर्जावर सही करण्याआधीची शेवटची फेरी होती, म्हणून मामींना घेऊन मी रजा काढून मीनंबाक्कमला गेलो. क्लबाच्या सेक्रेटरींनी आम्हांला खुर्च्या दिल्या. विमान वर गेलं, चाकं पोटात गेली, लांब वळसा घेऊन ते उतरायला लागलं. खाली आलं, आणखी खाली आलं. सेक्रेटरी खुर्चीवरून उठले. मला पहिल्यांदा कळेना. मग विमानाचं पोट दिसलं. गुळगुळीत, स्वच्छ, चाकांवाचून. सेक्रेटरी लाल झेंडा घेऊन धावत सुटले, आणि मामी माझा दंड धरून, या माणसाच्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध, मध्येच मोठमोठ्यानं ओरडायला लागल्या, "चाक! चाक!"

तेवढ्यात इंजिन गरजलं. विमान आमच्या डोक्यावरून वर गेलं. त्यानं पुन्हा अख्खा वळसा घेतला आणि या वेळी चाकं खाली सोडून ते अगदी हलकेच टेकलं. इंजिन बंद झालं. आम्ही वाट पाहत राहिलो, पण पाच मिनिटं, दहा मिनिटं झाली तरी आतून कोणी बाहेर येईना. सेक्रेटरी जायला निघाले, तर मीच त्यांना थांबवलं. मी म्हणालो, "मध्येच जाऊ नका. पहिल्यापासून सुरू करतील."

आत काय झालं ते तुळजानं संध्याकाळी आमच्या माडीवर बसून सांगितलं. ती यादी म्हणत होती. पेट्रोल झालं, आणि पुढचा शब्द उच्चारणार तोच मामा शांतपणे बोलायला लागले. ती जन्मली त्या दिवशी आपण इथेच उतरत होतो, आपली यादीही इथवरच आली होती, आणि टॉवरमधून बातमी आली... अठरा वर्षांत न सांगितलेली गोष्ट त्या माणसानं नेमकी तिथे काढली. मोठ्या परीक्षेआधी शिष्याला व्यत्यय आणून पाहायचाच असतो, हे मामांचं म्हणणं. आणि याहून मोठा व्यत्यय त्यांच्याजवळ नव्हता. तुळजा ऐकत राहिली. विमान खाली येत राहिलं. मामांनी दांड्याला हात लावला नाही, ते मनात आकडे मोजत होते. आणखी चार आकड्यांनी ते स्वतः विमान वर घेणार होते. तुळजा म्हणाली, "अप्पा, गप्प! पहिल्यापासून." आणि तिनं विमान वर घेतलं. दुसऱ्या फेरीत "चाक खालीं" म्हणताना तिचा आवाज फुटला, पण तीनही हिरवे दिवे लागले. जमिनीवर थांबल्यावर तिनं बापाकडे वळून विचारलं, "आतां सांगा. मघां काय म्हणत होतां?"

मामा म्हणाले, "कांहीं नाहीं ग. मुलगी होली, म्हणून सांगत होतों."

तिला परवाना मिळाला. मामांनी दुसऱ्या दिवसापासून सुधारावं अशी माझी अपेक्षा होती, पण तुळस कॉफीवर वाढतच राहिली. पुढे माझी पुण्याला बदली झाली आणि निघायच्या दिवशी त्यांनी आमच्या माडीच्या सगळ्या खिडक्यांना स्वतः हात लावून पाहिलं. मी निरोपाचं काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी बोट वर केलं. म्हणून मी त्यांना नीटसा नमस्कारही करू शकलो नाही.

गेल्या वर्षी आम्ही काशीला निघालो होतो. मी पुढच्या दाराला कुलूप लावत असताना तारवाला आला. आम्हांला नात झाली होती. मी तार वाचली, बायकोला दिली, मग कुलूप काढलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सुरुवात केली. बायको दारात हसत आणि रडत उभी होती. गाडी चुकली नाही, तीन व्यत्ययांचा वेळ मी ठेवला होता. डब्यात बसल्यावर मामांना हे कळवावं म्हणून मी पिशवीतून पोस्टकार्ड काढलं, त्यावर नुंगंबाक्कमचा पत्ता लिहिला, आणि मग आठवलं, की मामांना जाऊन दोन वर्षं झाली. पत्ता लिहून झालाच होता. ते कार्ड मी त्याच पत्त्यावर तुळजाला पाठवलं.