अक्कांचा ब्रेक

नव्वदच्या दशकात बंगळूरहून पुण्याला निघालेल्या छोट्या जेट विमानात माझ्या शेजारी जयनगरच्या एक अक्का होत्या. धावपट्टी पावसाने निथळत होती. अक्कांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि मला बजावलं, "ओल्यात स्वल्प घसरतं. तुम्हीही पाय तयार ठेवा."

मी हसलो. विमान सुसाट निघालं आणि उडायच्या आतच करकचून ब्रेक लागले. खिडकीवर पाणी उसळलं. माझे दोन्ही पाय आपोआप खाली दाबले गेले; अक्कांचा उजवा तर केव्हाचा रुतला होता. धावपट्टी संपता संपता विमान थांबलं.

इंजिनात बिघाड दिसल्यामुळे आपण उड्डाण रद्द केलं, असं कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलं.

घाम पुसत मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "असू दे. पोरगा तरुण आहे, त्यालाच श्रेय घेऊ दे."