टेपरेकॉर्डर हळू चालायचा तेव्हा

नववीत असताना मला देवळातल्या मुलींच्या भजनातून काढलं. हाकलून नाही दिलं, तसं केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातात झांज दिली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाय, तू आता झांज वाजव. तोंड हलवलंस तरी चालेल, फक्त आवाज नको काढू." चौदावं लागलं आणि माझा आवाज असा काही खाली उतरला होता की दाराआडून ओ दिली तर पोस्टमन मला "अरे बाबू, घरात कोण आहे?" म्हणून विचारायचा. वर्गात कविता म्हणायला उभी राहिले की मागच्या बाकावरून हमखास यायचं, "भटजीबुवा आले!" माझा तिळपापड व्हायचा, पण उलट बोलायला तोंड उघडावं तर पुन्हा तोच आवाज.

त्यात घर कुणाचं, तर पेटीवाल्याचं. बाबा दिवसभर डिचोलीला कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी सर्वणच्या आमच्या देवळात भजनाला पेटीवर बसायचे. सुराच्या बाबतीत माणूस म्हणजे विस्तव. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्याचा भोंगा कुठल्या पट्टीत वाजतो, हेसुद्धा ते अंथरुणातून सांगायचे. वर, "आज जरा उतरलाय," असा शेरा. झांजेची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा मात्र त्यांनी नुसतं "हं" केलं आणि पेपर उलटला. त्या "हं"चा मला फार राग आला. बाईंचं एक सोडा, पण बाबांनासुद्धा माझा आवाज बेसूर वाटतो, असं मी त्या दिवशी धरून चालले.

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या पुढच्या साली जूनमध्ये वास्कोहून मामेबहिणीने एक कॅसेट पाठवली. मामा तिकडे बंदरात कामाला. तिच्या मैत्रिणीचा भाऊ बोटीवर, त्याने बाहेरून आणलेल्या कॅसेटवरून हिने माझ्यासाठी कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेलं. वर फोटो नाही, काही नाही, निळ्या शाईत गाण्यांची नावं तेवढी. बरोबर चिठ्ठी होती: "विलायतेतली चार जणं आहेत. मोठी कंपनी नाही. घरातल्या खोलीतच गाणी बसवतात आणि कॅसेटी स्वतःच पोस्टाने पाठवतात. गाते ती मुलगी अठरा वर्षांची आहे. ऐक आणि मला कळव."

मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या भजनासारखंच की! कंपनी नाही, बिदागी नाही, नुसती हौस."

आमचा टेपरेकॉर्डर माजघरातल्या जनेलात, म्हणजे खिडकीत, असायचा. गिटार काही मला नवी नव्हती, म्हापशाला चर्चच्या फेस्ताच्या दिवसांत किती वेळा ऐकलेली. पण ती नाचायला लावणारी गिटार. ही वेगळीच, कुणीतरी खाटेवर पाय घेऊन आपल्यापुरती वाजवत बसल्यासारखी. तारा सुट्या सुट्या, लखलखीत. आणि मग त्या मुलीचा आवाज आला. मी हातातला उंडा, आमचा तो गोल पाव, तसाच चहात बुडू दिला. जाडा आवाज! खालचा, थोडा दमलेला, माझ्यासारखा. अगं, जगात अशी एक मुलगी आहे, आणि तिला कुणी झांज दिलेली नाही! मला इतका आनंद झाला की मी बसल्या जागी रडले.

मग काय, रोज शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि तिच्याबरोबर गायचं. अर्धे शब्द कळायचे नाहीत, तिथे मी माझे घालायचे. बाहेर अंगणात बाबांचे मित्र मराठी की कोकणी यावरून चहा गार करत बसलेले, आणि आत मी तिसऱ्याच भाषेच्या प्रेमात. बाबा कचेरीतून आले की न्हाणीपाशी पाय धुवत. तिथे ते फार वेळ लावायला लागले. आई म्हणायची, "पाय धुताहेत की झिजवताहेत?"

त्या साली गणपतीच्या चवथीपासून आणखी एक झालं. बाबांनी त्यांच्या अभंगांच्या कॅसेटी लावणं बंद केलं. रोज संध्याकाळी एक बाजू ऐकल्याशिवाय न जेवणारा माणूस. मी विचारलं तर म्हणाले, "आता पाठ झालेत." आई कुजकटपणे म्हणाली, "घ्या, मशीनसुद्धा हिचीच झाली." मला वाटलं, माझ्या गाण्याला कंटाळून रुसलेत. रुसले तर रुसू देत. मीही त्यांचीच मुलगी.

मे महिन्याच्या सुट्टीत वास्कोला गेले. पोचल्या पोचल्या मामेबहिणीने मूळ कॅसेट लावली. गिटार भराभर धावायला लागली आणि तिच्यावर एक उंच, बारीक, शाळकरी आवाज.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तीच गो!"

"ती नव्हे. तिचा आवाज जाडा आहे."

ती पोट धरून हसली. "तुमचा टेप रांगतो वाटतं सर्वणला!"

मीही हसले. मग न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. माझ्यासारखी मुलगी जगात नव्हतीच. आमच्या खराब यंत्राने ती तयार केली होती. वर्षभर मी एका बिघाडाबरोबर गात होते. इतकी लाज मला झांज हातात आली तेव्हाही वाटली नव्हती.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि बसने डिचोलीच्या बाजारात नेला. दुरुस्तीवाला कोल्हापूरकडचा. त्याने पाठ उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

"मोटर हळू झालीया. ह्यो तर मागल्या चवथीच्या टायमाला आला हुता की माझ्याकडं. तुझे वडील पेटी वाजिवत्यात न्हवं? ठिवून गेले, आन दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणले, राहू द्या, हाय तसाच द्या. म्या म्हणलं, अवो, पाच मिनिटांचं काम हाय. तर न्हाईच म्हणले. आता करू का?"

बाबांना माहीत होतं? ज्यांना भोंगा उतरलेला सहन होत नाही, त्यांना? शेवटी मी मानेनेच हो म्हटलं. त्याने बारीक पेचकसाने कुठेतरी पिळलं, खरंच पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी बाबा न्हाणीपाशी पोचले तसा मी त्यांचा आवडता अभंग लावला. पाण्याचा आवाज थांबला. ते ओल्या पायांनी तसेच आत आले आणि जमिनीवर बसले. आई फरशीवरच्या पाण्याकडे बघत फडकं आणायला गेली. बाजू संपेपर्यंत बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"बाबा, दुरुस्त का नाही करू दिलात?"

"केला असता तर तू गायची थांबली असतीस."

"आणि तुमचे अभंग?"

"चवथीपर्यंत कसेबसे ऐकले, पण तसले उतरलेले ऐकवेनात गो मला. म्हणून लावले नाहीत." त्यांनी पेटी पुढे ओढली. "बाईंनी झांज दिली तेव्हा मी जाऊन बोलायला हवं होतं. नाही बोललो. चुकलं माझं. तुझा आवाज वाईट नाही, पट्टी खालची आहे. त्या सगळ्या काळी पाचला गातात, तिथे तू कशी पोचणार? तुझी काळी एक." पेटीच्या त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "माझीही तीच."

मग भाता सोडला. "म्हण ते तुझं विलायती."

टेप बंद होता. मी एकटीच गायला लागले, आणि ते मागून सूर देत आले. वर्षभर न्हाणीपाशी उभं राहून त्यांना सगळं गाणं पाठ झालेलं. दुसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"इथे चढलीस. परत."

वर्षभरात त्यांनी मला एकदाही चुकलीस म्हटलं नव्हतं. भजनातल्या माणसांना मात्र रोज म्हणायचे. मी डोळे पुसले आणि ती ओळ परत घेतली.