पहिलं मिसाईल सरांचं

आमच्या कंपनीत शिफ्टचा पहिला पीस मशीनवरून उतरला की तो तपासायचा, साहेबांची सही घ्यायची आणि सही झाल्यावरच दुसरा पीस काढायचा. चाकणला कुठल्याही प्लांटमध्ये जा, हेच चालतं, आणि बरोबरच आहे ते. पहिलाच पीस वाकडा असला तर पुढचे सगळे वाकडे निघतात. पण हा नियम कुणी विमानांच्या लढाईला लावेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आमच्या क्वालिटीच्या सरांनी लावला.

लढाई कॉम्प्युटरवरची. आमची सुट्टी गुरुवारी. जेवणं उरकली की दुपारी आम्ही चौघं आपापल्या घरी हेडफोन चढवून बसायचो आणि एकाच आकाशात चार लढाऊ विमानं उडवायचो. आता कुणी याला पोरखेळ म्हणेल, तर म्हणो बापडे. यात रडार शिकावं लागतं, इंधन संपतं, आणि बटण दाबलं की मिसाईल लागलंच असं तर मुळीच नसतं. सरांनी त्यासाठी रावेतच्या फ्लॅटमधली एक अख्खी खोली अडवली होती. वैमानिकाची असावी तशी खुर्ची, भारीतली जॉयस्टिक, पायाखाली पेडल, समोर तीन स्क्रीन. वहिनी म्हणे त्या खोलीत झाडूसुद्धा विचारून मारायच्या. एवढा सगळा सरंजाम, आणि वर्षभरात पाडलेली विमानं किती? दोन. त्यातलं एक माझं.

सरांचा नियम असा, की पहिलं मिसाईल सर टाकणार. त्यांचं सुटल्याशिवाय बाकीच्यांनी बटणाला हात लावायचा नाही. "शिस्त पाहिजे, शिस्त!" हे ते हेडफोनमध्ये असं म्हणायचे की कान झिणझिणायचे. आणि टाकायचे कधी? रडारवर शत्रूचा ठिपका उमटला रे उमटला की लगेच. मग सरळ रेषेत पुढं जात राहायचे, आपलं मिसाईल कुठं पोचलं ते बघत. आमच्यातला तिसरा गडी परचेस खात्यातला. त्याला फक्त एकच वाक्य येत असे, "एकदम बरोबर सर." मी मनातल्या मनात त्याला यथेच्छ शिव्या घालायचो. माणसाला कणा नावाचा काही अवयव असतो का नाही?

चौथी होती मोजमापाच्या लॅबमधली मुलगी. लातूरकडची, आळंदीत खोली घेऊन राहायची आणि कंपनीच्या बसनं यायची. कॉन्ट्रॅक्टवर तिसरं वर्ष चाललं होतं तिचं. त्या वर्षी आमच्या खात्यात एकच जागा कायम होणार होती आणि कामावरून बघाल तर ती तिचीच होती. घरून तिला बजावलं होतं, यंदा कायम झालीस तर राहा, नाहीतर सामान बांध आणि परत ये. हे ती हसत सांगायची, पण सांगताना डब्याचं झाकण उगाच उघडझाप करायची.

ती एकदा कँटीनमध्ये मला म्हणाली, "दादा, सर एवढ्या लांबून कशाला टाकायलेत ओ?" आणि ताटातली हिरवी मिरची उचलून तिनं मला जे समजावलं, ते सरांच्या तीन स्क्रीनना वर्षभरात समजलं नव्हतं. मिसाईलचं इंजिन काही सेकंदच जळतं. त्यानंतर ते नुसतं वेगावर जातं, इंजिन बंद करून सोडलेल्या स्कूटरसारखं. लांबून टाकलं आणि समोरच्यानं पाठ फिरवून पळ काढला, की त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच मिसाईलचा दम संपतो. म्हणून समोरच्याला जवळ येऊ द्यायचं, मग टाकायचं. टाकलं की सरळ जायचं नाही. बाजूला वळायचं, पण इतकंच की तो आपल्या रडारच्या कडेला दिसत राहील. मिसाईलमधलं छोटं रडार त्याला पकडेपर्यंत एवढी सोबत करायची. त्यानं पकडलं की आपण पाठ फिरवायची आणि सुसाट सुटायचं.

"पाठ फिरवायची?" सर शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. "मॅडम, आपण पाठ दाखवणारी माणसं नाही."

"मग गनिमी कावा काय असतो सर?" तिनं विचारलं, आणि मिरची खाऊन टाकली. मला इतकं हसू आलं की ताक नाकात गेलं. सरांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी खोकल्याचं नाटक केलं.

मग दुसऱ्या प्लांटच्या टीमशी सामना ठरला. चार विरुद्ध चार. रडारवर ठिपके उमटले आणि सरांनी नेहमीप्रमाणे पहिलं मिसाईल सोडलं, "फर्स्ट पीस ओके!" असं ओरडून. होय, हेच शब्द. परचेसवाल्यानं मागोमाग दोन टाकली. मीही एक टाकलं, खोटं कशाला बोलू. तिनं टाकलं नाही.

"मॅडम, फायर!"

"लांब आहेत सर अजून."

"मॅडम, मी सांगतोय, फायर!"

"जवळ येऊ द्या सर."

समोरचे चौघेही मागं वळले, थोडं पळाले, आणि आमची सगळी मिसाईलं वाटेतच गळाठली. मग ते शांतपणे परत फिरले. सर अजूनही सरळ चालले होते, आपलं मिसाईल लागणार या आशेवर. ते पडले. त्यांच्या मागोमाग परचेसवाला पडला, आणि मरतानाही "एकदम बरोबर सर" म्हणाला असेल तर मला नवल वाटणार नाही. मी मात्र मिरचीचा धडा आठवून शेपूट घातलं आणि वाचलो. आणि तिनं? वाट बघितली, टाकलं, बाजूला वळली, सोबत केली, पळाली, परत आली. तीनदा. तीन विमानं. चौथा घाबरून निघून गेला आणि सामना आमचा झाला.

संध्याकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज आला, की माझ्या पहिल्या मिसाईलनं शत्रूची फळी फुटली आणि तिथंच विजय निश्चित झाला. खाली टाळ्यांची रांग लागली. अख्खं खातं टाळ्या वाजवत होतं. तिनं लिहिलं, "सर, तुमचं मिसाईल मधेच पडलं होतं. रेकॉर्डिंग टाकते." आणि टाकलं! सरांचं विमान बैलासारखं सरळ चाललंय आणि समोरून काळ येतोय, सगळ्यांनी बघितलं. कुणी चकार शब्द लिहिला नाही. मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, येड लागलंय का तुमाला?

पुढच्या आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तिचा कायम करण्याचा फॉर्म. तिच्या कामाचा अहवाल द्यायचा तो मीच, कारण लॅब माझ्याकडे होती.

"काय म्हणता, मॅडमचं काय करायचं?"

माझी नोकरी कायमची. घर गावात, स्वतःचं. मला कुणाच्या बापाचं भ्याव नव्हतं. पण पुढच्या वर्षी सीनियरची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची ते सर ठरवणार होते. मी फॉर्मकडे बघितलं, सरांच्या पेनाकडे बघितलं.

"काम चांगलंय सर," मी म्हणालो. "पण सांगितलेलं ऐकत नाही. आपल्या मनानं चालते."

"एकदम बरोबर," सर म्हणाले. त्यांनी तसं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

महिनाअखेरीला ती लॅबच्या किल्ल्या द्यायला आली. कपाटं, मापं ताडून बघायचे मास्टर पीस, नोंदवही, सगळं जागच्या जागी लावून दिलं होतं तिनं, वर चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या होत्या. बॅग बाहेर सिक्युरिटीपाशी ठेवलेली. जाता जाता दारात थांबली.

"दादा, तुम्ही तरी माझ्याबद्दल चांगलं सांगितलं असेल ना?"

"सांगितलं की," मी म्हणालो.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.