अकरा लिंक माझ्या, पाच हजार जावयाच्या

दहिसरच्या एका मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. आज तिथे माझी अक्कल काढली.

चांगल्या साइटवर आपली लिंक असली की सर्चमध्ये दुकान वर येतं. कोकणातल्या गावांची मुंबईत मंडळं आहेत, त्यांच्या स्वतःच्या साइट आहेत. त्यांच्या सेक्रेटरींना भेटून, जत्रेच्या पानासाठी रेसिपी लिहून देऊन मी वर्षभरात अकरा लिंक मिळवल्या.

गेल्या महिन्यात मालकांच्या जावयाने पाच हजार विकत आणल्या, त्याही जुगाराच्या साइटवरून. अशा विकतच्या लिंक पकडल्या गेल्या तर सर्चमधून दुकानच गायब होतं, म्हणून मी नको म्हणालो तर म्हणतो, "बारावी नापास, तू मला शिकवणार?"

आज दुकान सर्चमध्ये सापडेना. मालक ओरडले माझ्यावरच. "काय रे, वाट लावलीस ना धंद्याची?"

मी म्हणालो, "आता प्रत्येक साइटला लिहून त्या लिंक काढायला लागतील."

जावई हसला. "मग लिही ना. एकेकाच्या पाया पडायची तुला सवय आहेच."

आहे. पण जुगाऱ्यांच्या पाया मी पडणार नाही. त्या साइटची सगळी यादी काढून त्याच्या हातात दिली आणि घरी आलो. उद्या कामावर घेतील की नाही, माहीत नाही.

खरं सांगा, तुम्ही लिहिलं असतं?